प्रायमरचं पोट

रंगाच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं हव्या त्या रंगावर बोट ठेवलं, की छटाकाका म्हणायचे, "जरा बाहेर चला."

गिऱ्हाईक दचकायचं. दुकानातला माणूस बाहेर बोलावतो म्हणजे आपलं काहीतरी चुकलं असणार. काका त्याला फुटपाथवर उभं करायचे, रंगाची पट्टी उन्हात धरायचे आणि विचारायचे, "आता सांगा. हाच का?" दहातले चार जण आत येऊन दुसराच रंग मागायचे. मालक वैतागायचे. "तुम्ही म्हणजे ठरलेलं लग्न मोडणारी मावशी आहात," असं ते म्हणायचे. काका शांतपणे डबा ढवळत राहायचे. "बल्बखाली जुळलेली जोडी उजेडात जुळेलच असं नसतं, मालक. भिंतीला दोन हात मारून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

एकोणिसाव्या वर्षी ते या दुकानात डबे उचलायला लागले होते. एकदा कुणीतरी भिंतीच्या पोपड्याचा तुकडा घेऊन आलं आणि अगदी असाच रंग हवा म्हणून हटून बसलं. मालकांनी हात टेकले. काकांनी पांढऱ्या रंगात थेंबथेंब स्टेनर, म्हणजे घट्ट रंगद्रव्य, टाकत दोन तास घालवले आणि शेवटी तो पोपडा रंगवलेल्या फळीवर ठेवला, तर पोपडा कुठे आहे तेच कुणाला सापडेना. तेव्हापासून रंग कालवण्याचं काम त्यांचं. पुढे दुकानात यंत्र आलं. आकडा दाबला की रंग तयार. पण दहा वर्षं ऊन खाल्लेल्या भिंतीशी जुळणारा रंग हवा असेल, तर माणसं अजून काकांनाच शोधत येतात. "यंत्राला नवे रंग येतात," काका म्हणतात, "म्हातारे झालेले येत नाहीत."

छटाकाका हे नाव रंगाऱ्यांनी पाडलं, कारण हा माणूस कशालाच निळं किंवा पिवळं म्हणत नसे.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. लग्न दोघांचंही ठरता ठरता राहिलं आणि मग राहूनच गेलं. ताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. दार उघडलं की अजूनही "बोला" म्हणते, आणि तीन मिनिटांच्या वर बोलणाऱ्याकडे घड्याळ बघितल्यासारखं बघते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जाळी लावलेली गॅलरी आणि खिडकी नसलेलं बाथरूम. एवढ्या जागेत ही दोघं सकाळपासून भांडायची. दूध उतू कुणी घालवलं, टॉवेल ओला कुणी ठेवला, पंखा दोनवर की तीनवर. शेजाऱ्यांना घड्याळ लावायची गरज पडत नसे.

या भांडणांच्या मधोमध, बहुतेक वेळा ताईच्या मांडीवर, प्रायमर झोपलेली असायची. चार वर्षांपूर्वी दुकानाच्या गोदामात एका रिकाम्या खोक्यात सापडलेली ही मांजरी. धड पांढरी नाही, धड राखाडी नाही. पहिल्या दिवशी तिच्याकडे बघून ताई म्हणाली होती, "हिला रंग देतादेता रंगारी जेवायला गेलेला दिसतो." काकांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, रंगाआधी भिंतीला देतात त्या पहिल्या हाताचं. प्रायमरनं आजवर जिना पाहिलेला नाही. दोन खोल्या, गॅलरी आणि कपाटाचा माथा, एवढंच तिचं जग, आणि त्यात तिची कशाबद्दल तक्रार नव्हती.

तर एका सोमवारी प्रायमरनं वाटीकडे पाठ फिरवली. दुपारी धुतलेल्या चादरीवर उलटी केली. संध्याकाळी आणखी एक केली, काकांच्या चपलेत. आणि मग जुलाब सुरू झाले.

मंगळवारी सकाळी दोघंजण तिला झाकणाच्या टोपलीत घालून गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात घेऊन गेले. प्राण्यांची डॉक्टर तिशीची होती, हातावर बोचकाऱ्यांच्या रेघा. तिनं प्रायमरचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, उलटीसाठी इंजेक्शन दिलं.

"पोटाला आणि आतड्याला सूज आहे. हलकं खाणं द्या, थोडं थोडं. हे औषध दिवसातून दोनदा. आणि काका, मला रोज फोन करून सांगायचं. किती वेळा झाली, कशी झाली आणि रंग कोणता."

शेवटचा शब्द ऐकल्यावर काका खुर्चीत सरळ झाले. "रंग म्हणजे नेमका?"

"म्हणजे पिवळा, हिरवट, तपकिरी."

"डॉक्टर, तपकिरी म्हणजे अख्खं गाव झालं. मला घराचा नंबर लागतो."

"सुरू झालं याचं," ताई म्हणाली.

काकांनी पिशवीतून रंगांच्या पट्ट्यांचं शेडकार्ड काढलं. ते त्यांच्याजवळ असतंच, जसा दुसऱ्या कुणाजवळ रुमाल असतो. एक कार्ड डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं, एक स्वतःकडे. "आता आपण एकाच भाषेत बोलू."

डॉक्टरला हसू आवरेना, पण तिनं कार्ड उघडून पाहिलं. "ठीक आहे. एकच लक्षात ठेवा. काळं दिसलं तर फोनबिन करू नका, थेट घेऊन या. काळं म्हणजे पोटात रक्त."

औषध पाजणं हा एक वेगळाच कार्यक्रम होता. ताईनं टॉवेलात गुंडाळून धरायचं आणि काकांनी सुई नसलेल्या सिरिंजमधून तोंडाच्या कोपऱ्यात औषध सोडायचं, असं ठरलं. पहिल्या वेळी टॉवेलातून चार पाय चार दिशांनी बाहेर आले. औषध गुलाबी होतं आणि ते सगळं काकांच्या शर्टावर गेलं. काका खाली बघून म्हणाले, "फिकट कोरल."

"तुझं डोकं," ताई म्हणाली. "दुसऱ्यांदा भर."

बुधवारी सकाळी काका शेडकार्ड घेऊन बाथरूममध्ये गेले. वाळूचा ट्रे तिथे कोपऱ्यात असायचा. ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ पट्ट्या सरकवल्या आणि बाहेर येऊन फोन लावला. "चारशे बारा. मधुर मृत्तिका."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. "नाव कुणी ठेवलं हो हे?"

"कंपनीनं. त्यांच्या मनात दिवाणखाना होता."

गुरुवारी त्यांनी चारशे अठरा कळवलं, गर्द कॉफी. डॉक्टरनं कार्डावर बोट फिरवलं. "गडद होत चाललंय. काळं नाही ना, काका?"

"अडतीस वर्षं हेच काम करतोय, डॉक्टर. काळा मला झोपेत ओळखू येतो. हा कॉफीच."

पण प्रायमर काही सुधारत नव्हती. आदल्या दिवशी एक चमचाभर तरी चाटलं होतं. गुरुवारी तिनं वाटीचा वासही घेतला नाही. कपाटामागे जाऊन बसली, आणि हाक मारली तर कान हलवायचाही कंटाळा केला. काका दुकानात गेले खरे, पण त्यांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा डब्याचं झाकण वाकडं बसलं.

दुपारी दुकानातला फोन वाजला.

"बोल," पलीकडून ताई म्हणाली. फोन तिनंच केला होता, पण सवय.

"तू बोल. काय झालं?"

"बाथरूममध्ये वाकवत नाही मला, म्हणून ट्रे गॅलरीत आणला साफ करायला. डांबर आहे."

"कसलं डांबर?"

"रस्त्याचं. तसं दिसतंय. काळं."

"ताई, गडद तपकिरी आणि काळा यात लोकांची गल्लत होते. मी सकाळीच कार्ड लावून..."

"तू कुठे लावलंस कार्ड?"

"बाथरूममध्ये."

"तिथल्या पिवळ्या दिव्याखाली?"

काकांच्या समोर एक बाई आणि तिचा नवरा रंगाच्या पट्टीवर बोट ठेवून उभे होते. काका त्यांच्याकडे बघत राहिले. पिवळा दिवा काळ्यातही ऊब घालून तो तपकिरी दाखवतो, हे त्यांनी हजार माणसांना फुटपाथवर नेऊन दाखवलं होतं. आणि स्वतः खिडकी नसलेल्या खोलीत उकिडवे बसून, मान डोलावून, दोन दिवस...

त्यांनी रिसीव्हर ठेवला, एप्रन काढला आणि अर्धवट ढवळलेला डबा तसाच सोडून निघाले. जाताना नमुन्याची एक छोटी रिकामी डबी मात्र खिशात घातली.

अर्ध्या तासानं ती डबी, ट्रेमधला नमुना भरून, डॉक्टरच्या टेबलावर होती आणि ताईच्या हातात प्रायमरची टोपली. काकांनी सवयीनं झाकणावर तारीख घातली होती. डॉक्टरनं ती खिडकीशी नेऊन उघडली आणि लगेच बंद केली.

"काळं आहे, काका."

"हो," काका म्हणाले. "मी बल्बखाली बघितलं." एखादा सर्जन आपण डावा पाय सोडून उजवा कापला हे कबूल करेल, त्या आवाजात ते म्हणाले.

डॉक्टरनं त्यावर वेळ घालवला नाही. "पोटात जखम झालेली दिसते. घरात दुखण्याच्या गोळ्या आहेत का? हिनं काही गिळलं असेल?"

"गोळ्या डब्यात असतात, डबा कपाटात," ताई म्हणाली. "हिला मिळणं शक्यच नाही. मी फक्त गुडघ्यांना मलम लावते."

"कधी लावता?"

"सकाळ-संध्याकाळ. आणि मग ही येऊन मांडीवर बसते. गुडघे चाटते." ताईचा चेहरा जरा खुलला. "महिनाभर झाला, रोज चाटते. माझे पाय दुखतात हे हिला कळतं."

डॉक्टरनं लिहायला कागद ओढला. मलमाचं नाव विचारलं, एकदा परत विचारून खात्री केली. मग म्हणाली, "मावशी, या मलमातलं औषध मांजराच्या पोटात जायला नको. त्यानंच झालंय हे."

ताईनं दोन्ही हातांनी गुडघे झाकले.

"मला वाटलं, माया आहे," ताई म्हणाली.

"माया असेलही. पण मलम पण होतं."

रक्त तपासलं. मूत्रपिंडं शाबूत निघाली, एवढं नशीब. शुक्रवारी आणि शनिवारी प्रायमर दिवसभर दवाखान्यात राहिली, पायाला सलाईन लावून, आणि संध्याकाळी घरी आली. काळं येणं थांबलं, उलट्याही थांबल्या. पण खाणं काही सुरू होईना. शनिवारी टोपली परत देताना डॉक्टर म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत स्वतःहून खाल्लं पाहिजे. मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडायला लागतं. नाही खाल्लं तर नाकातून नळी घालावी लागेल. एवढ्या अशक्तपणात मला ते नको आहे."

गुरुवारपासून त्या घराला काय झालं होतं, ते शेजाऱ्यांनाही कळत नव्हतं. आवाजच येत नव्हता. ताईनं मलम बंद केलं होतं आणि ती भिंत धरून चालत होती, पण कण्हत नव्हती. काका दूध उतू जाऊ देत नव्हते. गेलं तरी ताई म्हणायची, "असू दे, होतं असं." काका म्हणायचे, "पंखा चालेल ना तुला तीनवर?" ताई म्हणायची, "तुला हवा तसा ठेव." पाहुण्यांच्या घरी उतरल्यासारखी दोघं वावरत होती. आणि कपाटामागून दोन डोळे हे सगळं बघत होते.

रविवारी सकाळी काकांनी डॉक्टरनं दिलेलं डब्यातलं खाणं कोमट करून वाटीत घातलं आणि वाटी खोलीच्या मध्यावर ठेवली. प्रायमर बाहेर आली, वाटीपासून हातभर अंतरावर बसली आणि भिंतीकडे बघू लागली. दहा वाजले. अकरा वाजले.

"माझ्यामुळे झालं," काका हळूच म्हणाले. "दोन दिवस फुकट घालवले मी."

"तुझ्यामुळे काय? मलम माझं होतं."

"पण मी वेळेवर सांगितलं असतं तर..."

"अरे, पण दुखणं लावलं कुणी? मी."

"तू मुद्दाम लावलंस का? मी शहाणपणा केला. कार्ड घेऊन."

"आता दोषसुद्धा तुलाच हवा," ताईचा आवाज चढला. "लहानपणापासून बघते. खाऊ असो नाहीतर खापर, मोठा वाटा धाकट्याला."

"मोठा वाटा? हुतात्म्याचा स्वभाव तुझा, सगळं स्वतःवर ओढून घ्यायचं आणि मग आठवडाभर पाठ फिरवून बसायचं."

"मी पाठ फिरवते? आणि तू? रंगातला दर्दी म्हणे. अकरा वर्षं या घराला रंग नाही. का, तर साहेबांना पसंत पडत नाही."

"ती भिंत उत्तरेची आहे, ताई. तिथं काहीही लावलं तरी फिकं..."

काका थांबले. खालून लप् लप् असा बारीक आवाज येत होता.

दोघांनी खाली बघितलं. प्रायमरचं तोंड वाटीत होतं. दोघं तशीच उभी राहिली. खोली शांत झाली. प्रायमरनं मान वर केली, एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि वाटीपासून एक पाऊल मागे सरकली.

ताईला आधी कळलं. एक्स्चेंजमध्ये तिनं बत्तीस वर्षं ओळ कुठे तुटते ते ऐकण्यात घालवली होती.

"तुझी ती उत्तरेची भिंत," ती एकदम ओरडली, "तिला चुना फास."

प्रायमर परत वाटीकडे वळली.

"चुना?" काका गरजले. "माणसात राहतेस की गोठ्यात?"

लप् लप्.

"आणि ओला टॉवेल? परवा दारावर कुणी टाकला?"

"मीच टाकला. आणि आजही टाकणार."

ते पाच-सहा मिनिटं भांडले. टॉवेल संपला, पंखा संपला, पाच वर्षांपूर्वी हरवलेली छत्री संपली. विषय पुरेनात म्हणून ताई वरच्या मजल्यावरच्या गळक्या कुंड्यांवर घसरली, आणि त्या आपल्याच असल्यासारखे काका त्यांची बाजू घेऊ लागले. ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ओरडत होती, त्यामुळे शेजारच्या वहिनींनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. काकांनी दाराच्या फटीतून सांगितलं, "जेवतेय. जरा चालू दे."

वाटी निम्मी झाल्यावर प्रायमर बाजूला झाली आणि पंजा चाटायला लागली.

काकांनी फोन लावला. घसा बसला होता.

"खाल्लं?" डॉक्टरनं विचारलं.

"तीन चमचे. स्वतःहून."

"उलटी?"

"नाही."

"मग नळी राहू दे. कसं काय खाल्लं हो एकदम?"

"आम्ही भांडत होतो," काका म्हणाले, आणि मग त्यांना सगळं सांगावं लागलं.

डॉक्टर बराच वेळ हसत होती. मग तिचा आवाज परत कामाचा झाला. "चार तासांनी पुन्हा तीन चमचे. रात्री परत. निदान आठवडाभर तरी खंड पडू देऊ नका."

काकांनी फोन ठेवला. ताई पाय लांब करून पलंगावर बसली होती, गुडघ्यांवर जाडजूड चादर घेऊन, आणि त्या चादरीवर प्रायमर जागा करून घेत होती.

"काय म्हणाल्या?"

"चार तासांनी परत."

ताईनं घड्याळाकडे बघितलं. "मग बस इथे. तीनपर्यंत विषय काढून ठेवायला हवेत."