कोपरापर्यंत पाण्यात

तळं म्हणलं की लोक विचारतात, मासे किती निघाले? मी म्हणते, मासे सोडा, किस्से विचारा! परतूरला मी शाळेत विज्ञान शिकवायचे. दुष्काळ सरला, विहिरीला पाणी आलं, अन् मी घरामागं छोटं तळं खोदून रोहूची पिल्लं सोडली. तेव्हापासून आमच्या परसात कुणीही येवो, काहीतरी घडल्याशिवाय राहायचंच न्हाई.

पहिली ठिणगी आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांच्या मिरच्यांची जागा तळ्यात गेल्ती. साऱ्या गल्लीदेखत त्या म्हणल्या, "एक जरी मासा मेला ना सुमन, त्याच दिवशी तळं बुजवीन अन् मिरच्या लावीन!"

मी काय कमी? म्हणलं, "कबूल! पाण्याची जिम्मेदारी माझी."

* * *

पाणी तपासायची माझी रीत सोपी. हात कोपरापर्यंत बुडवायचा. तळवा अंधुक दिसला की पाणी बराबर. दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं, शेण टाकणं बंद. लख्ख दिसला तर माशांना खायला कमी, मंग थोडं शेण टाकायचं.

शेजारच्या खाला भिंतीवरून बघून राह्यल्या होत्या. "बाई, अंगूठी गिर गई क्या?"

मी न्हाई म्हणेपर्यंत त्यांची दोन्ही पोरं पायजमे वर करून तळ्यात! सगळा गाळ ढवळला, पाण्याचा चहा झाला. असा संताप आला मला! अन् अंगठी सापडणार कशी? ती माझ्या बोटात होती!

* * *

हेडमास्तरांना विचारून मी शाळेतल्या लिटमसच्या पट्ट्या आणायचे. पाणी आंबटलं तर निळी पट्टी लाल होते. आमच्या ह्यांना त्याचा भारी नाद लागला. एकदा जेवताना त्यांनी पट्टी आमटीत बुडवली अन् गंभीरपणे जाहीर केलं, "आई, आमटी आम्लधर्मी आहे."

आत्याबाईंनी ह्यांच्या पुढची वाटीच उचलली. "चिंच टाकलीय त्यात! जिभेला कळत न्हाई तर त्या कागदालाच जेवू घाल!"

ह्यांनी कोरडी भाकर खाल्ली.

* * *

ह्यांनीच एकदा मला न विचारता पाटीभर शेण तळ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळे मासे वर येऊन तोंडं उघडून राह्यले. सगळ्यात पुढं सरपंच! हे नाव आत्याबाईंनीच सगळ्यात मोठ्या माशाला दिल्तं.

आत्याबाई भाकर घेऊन पळत आल्या. "अगं, उपाशी हायेत लेकरं!"

"आत्याबाई, घास न्हाई, हवा पाहिजे त्यांना! पाण्यातली हवा संपली. बादल्या आणा जल्दी!"

मी, हे, खाला, त्यांची पोरं, सगळ्यांनी विहिरीचं ताजं पाणी उंचावरून धो धो ओतलं. ऊन वर आलं तसे मासे खाली गेले. एकही मेला न्हाई! आत्याबाई भाकर हातात धरून तशाच उभ्या होत्या.

मी विचारलं, "मंग, मिरच्यांचं काय?"

"अजून उन्हाळा यायचाय!" त्या म्हणल्या.

* * *

उन्हाळा आला, अन् काय तो आला! एके दिवशी शाळेतून आले तर लिंबोणीखाली ताजी माती थापलेली. मांजर तीच उकरून राह्यलं होतं. हाकलायला गेले तर मातीतून शेपूट दिसलं. एवढं मोठं शेपूट एकाचंच. सरपंच! डोळ्यांत पाणीच आलं. माझं तळं गेलं.

वळून पाहिलं तर आत्याबाई काठावर बसलेल्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पाण्यात, नजर तळव्यावर.

भिंतीवरून खालांनी हाक मारली, "अम्मा, क्या हुआ? कोई मछली मर गई क्या?"

"न्हाई गं," आत्याबाई मान वर न करता म्हणल्या, "अंगठी पडली."