दोन बॅटऱ्या

दामिनीने बनवून दिलेलं रतिलालकाकांच्या कुंपणाचं झटका मशीन जळालं, रानडुकरांनी केळीची रोपं उकरली आणि काकांनी दूध डेअरीच्या रांगेत सगळ्यांदेखत तिचा उद्धार केला: "त्या पोरले काय समजस?" तेव्हापासून गावातलं कुणी तिच्या दुरुस्तीच्या दुकानाकडे फिरकेना.

खरं कारण तिला मशीन उघडताच कळलं होतं. झटका दुप्पट बसावा म्हणून काकांनी ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडल्या होत्या, म्हणजे बाराऐवजी चोवीस व्होल्ट. तापीकाठी ही अक्कल बरेच जण चालवतात. काका मात्र गावभर शपथेवर सांगत, एकच लावली होती. दामिनी हे विसरली नाही. माफी तिला नकोच होती. तिला काकांचं नाक त्याच रांगेसमोर कापायचं होतं.

बाजारातून आणलेलं मशीनही जळालं, तेव्हा काका मशीन घेऊन मुकाट तिच्या ओट्यावर आले.

तिच्या खणात दोन रेग्युलेटर होते. बॅटरीच्या बारा व्होल्टमधून सर्किटला नेमके नऊ देणारा हा इवलासा तुकडा. पहाटे बॅटरी दहावर उतरली तरी दोघेही नऊ देत राहत. साधा रेग्युलेटर दहावरच हात टेकतो. पण या दोघांतला पहिला विसाच्या वर जळायचा, तर दुसरा चाळीसपर्यंत सोसायचा. तिने पहिला हातात घेतला. पुन्हा जळू दे, डुकरं पुन्हा शिरू देत. मग वाटलं, जळालं तर काका पुन्हा तेच बोलतील आणि गाव पुन्हा तेच ऐकेल. तिने दुसरा बसवला.

संध्याकाळी ओट्यासमोर डेअरीची रांग लागली, तसं तिने मशीन ओट्यावर मांडलं. शेजारी दोन बॅटऱ्या ठेवल्या.

"काका, तुम्हीच जोडा. मन्हा हात भरेल शेतस," तिने ग्रीसने माखलेले हात दाखवले.

काका उकिडवे बसले. खिशातून स्वतःची आखूड तार काढली, डेअरीवाल्या कुंदनशी दुधाच्या फॅटवरून वाद घालत एका बॅटरीचं प्लस दुसरीच्या मायनसला लावलं आणि बटण दाबलं. मशीन टक टक करू लागलं.

"काका," दामिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुम्ही ते एकच लावतस ना?"

रांगेतली तुळशीबाई खुदकन हसली. मग सगळीच रांग हसली. काकांचा हात तारेवरच राहिला. दामिनीला बरं वाटलं, अगदी पोटभर बरं वाटलं. चोवीस व्होल्टवरही मशीन काही जळालं नाही.