डोमाजींनी न चाखलेली विहीर

आमच्या अकोल्याच्या शाळेची नरनाळा गडाची सहल यंदा सोळा वर्षांची झाली. स्मरणिका निघणार आहे आणि सहलीवरचा लेख माझ्याकडे आला आहे, कारण ती सुरू केली मी. ड्रिलचा मास्तर काय लिहिणार? मुलांची हिंमत, शिस्त, अवघड वाट. तसा लेख मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला. तिसऱ्यांदा बसलो तर डोमाजी डोळ्यांसमोर येरझारा घालू लागले, लेख काही पुढे सरकू देईनात. तेव्हा त्यांचंच लिहितो. छापायचं की नाही ते शाळेनं ठरवावं.

डोमाजी आमचे शिपाई. गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीत होते तोवर मी त्यांना 'ए डोमाजी' अशीच हाक मारली. आज तसं लिहवत नाही. हा माणूस स्टुलावर बसलेला मी कधी पाहिला नाही. स्टूल व्हरांड्याच्या एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला. घंटा दोन मिनिटं आधी द्यायचे, आणि हेडमास्तर भगवंतराव रागावले की म्हणायचे, "घड्याळच हळू चालून राह्यलं साहेब." जठारपेठेतून खडूचे डबे आणायला सायकल दिली तर ती हातात धरून पायीच जायचे. वर बसलं की पाय रिकामे राहतात, अशी त्यांची तक्रार.

म्हणूनच त्रेपन्न साली पहिली सहल ठरली तेव्हा मी त्यांना आठ दिवस आधी पुढे पाठवलं. चाळीस पोरं न्यायची तर पहिली काळजी पाण्याची. अकोटपासून गडाच्या पायथ्यापर्यंत बैलगाडीची सरळ वाट आहे. मधे एक गाव, गावात बारमाही विहीर. गावाचं नाव लिहीत नाही. डोमाजींनी शोधून आणली ती वाट दुसरीच निघाली: नाल्याच्या पात्रातून, गोटे तुडवत, एक टेकाड चढून उतरून पायथा, आणि मग गडावरची टाकी. दीड कोस जास्तीची आणि चौपट त्रासाची. मला तर हेच हवं होतं. दर वर्षीच्या गॅदरिंगमध्ये मी या वाटेवर भाषण ठोकायचो. जणू मीच ती शोधली.

खरी गोष्ट मला दहा वर्षांनी कळली. ती आत्ताच सांगून टाकतो, मला धीर धरवत नाही. डोमाजी आधी त्या गावातच गेले होते. महार म्हणून त्यांना विहिरीपासून वीस पावलांवर थांबवलं आणि ओंजळीत वरून पाणी ओतलं. ते त्यांनी तोंडाला लावलं नाही. हात लावता येत नाही त्या पाण्याची हमी कशी द्यायची? म्हणून त्यांनी ती वाटच सोडली आणि ज्याला हात लावायला कुणी अडवणार नाही असं पाणी शोधत निघाले. नाला, झरा, टाकं. आमची साहसाची वाट ती अशी तयार झाली.

पाणी पाहण्याची त्यांची रीत होती. सकाळी अनशापोटी एक घोट घ्यायचा, डोळे मिटून तोंडात धरायचा, मग गिळायचा. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत नमुने आणून माझ्या टेबलावर मांडायचे. "हे पह्यल्या झऱ्याचं, गोड हाये. हे टाक्याचं, उकयून घ्या." मी बाटली उजेडात धरून गाळ पाहायचो आणि मान डोलवायचो. चाखायचो मात्र नाही. दहा वर्षांत एकदाही नाही. छप्पन साली ते नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. त्यानंतरही बाटल्या येत राहिल्या, आणि मी त्या उजेडातच पाहत राहिलो.

त्रेसष्ट साली सहलीला दहा वर्षं झाली म्हणून भगवंतरावांनी मुलींनाही न्यायचं ठरवलं. बावीस मुलींची वेगळी तुकडी, सोबत लीलाबाई शिक्षिका आणि मी. पण मुलींना नाल्यातली वाट झेपणार नाही, त्या सरळ गावातून जातील, विहिरीचं पाणी पितील, असं त्यांचं म्हणणं. मी चिडलो, पण हुकूम मानला. डोमाजींना विहीर पाहायला पाठवलं.

त्या बावीसांत डोमाजींची लेक मनकर्णा होती. नववीत, वर्गात पहिली. आपल्याला ओतलं तसं तिच्या ओंजळीत, मैत्रिणींच्या देखत, कुणी वरून पाणी ओतलं तर? डोमाजींना दुसरं काही सुचेना. ते तीनऐवजी दोन दिवसांत परतले, बाटलीशिवाय, आणि माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "वीर आटली सर. नाल्यानंच न्या पोरीयले."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द. भगवंतराव कुरकुरले आणि कबूल झाले. मग डोमाजींनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. "मी बी येतो संगं."

सहलभर त्या माणसाला चैन नव्हतं. पुढे पळत जायचे, मागे येऊन मुली मोजायचे, पुन्हा पुढे. जेवायला बसले तरी घास हातात आणि नजर गावाच्या दिशेला. मला वाटलं, मुलींची काळजी. मुली मात्र मजेत होत्या. नाला त्यांनी दर वर्षीच्या मुलांपेक्षा लवकर पार केला, हे भगवंतरावांना मी मुद्दाम कळवलं.

तिसऱ्या दिवशी गड उतरताना मुलींना उशीर नको म्हणून मी गुराख्यांची जवळची पायवाट धरली. डोमाजी दोनदा म्हणाले, "आल्या वाटेनं चाला सर." मी ऐकलं नाही. वळणावरून खाली गाव दिसलं. विहिरीवर सात-आठ बाया, रहाट फिरतोय, आणि ओट्यावरून वाहणारं पाणी उन्हात चमकतंय. लीलाबाई थांबल्या. "डोमाजी, ही ना आटलेली विहीर?"

माझा पारा चढला. दहा वर्षं ज्याच्या शब्दावर लोकांची लेकरं डोंगरात नेली, तो माणूस पाण्याबद्दल खोटं बोलला. मुलींसमोरच मी ओरडलो, "खोटं काहून बोललास?"

डोमाजी पहिल्यांदाच एका जागी उभे होते. म्हणाले, "मी विरीजोळ गेलोच नाई सर. यंदा बी नाई. त्रेपन्न साली गेलतो, तं लांबून पानी वाढलं मले. मनकर्णी सोबत हाये. तिच्या मैतरनीयच्या समोर..."

माझी सगळी भाषणं मला आठवली आणि कुठं तोंड लपवावं ते कळेना. मनकर्णानं बापाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो बापावर नव्हता. तिनं लीलाबाईंच्या हातातला लोटा घेतला आणि सरळ खाली चालू लागली. मुली तिच्या मागे, लीलाबाई त्यांच्या मागे. मी डोमाजींना "चला" म्हणालो. माझ्या तोंडून त्यांना पहिल्यांदाच असं निघालं.

ओट्यावर एक म्हातारा बसला होता. "कोनाची वं तू?"

"अकोल्याच्या डोमाजी शिपायाची," मनकर्णा म्हणाली. "बौद्ध हाओ आमी."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे, मग तिच्यामागच्या एकवीस मुलींकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. रहाटावरच्या बाया बाजूला झाल्या. एका बाईनं आपली भरलेली घागर सगळ्यांच्या देखत चिखलात ओतली आणि चालती झाली. मुलींनी ते पाहिलं. मनकर्णानंही पाहिलं. तरी तिनं बादली खाली सोडली, भरली, वर ओढली आणि लोट्यात पाणी घेतलं. वाटलं, आता मैत्रिणींना देईल. त्यांनी ओंजळीही पुढे केल्या होत्या.

ती त्यांच्यामधून निघून बापाकडे आली. ते वीस पावलांवरच थांबले होते, त्रेपन्न साली थांबवलं होतं तिथंच.

"बाबा, आधी तुमी चाखा. तुमी चाखल्याबिगर कोनी पेत नाई."

डोमाजींनी लोटा दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला, डोळे मिटले, तोंडात धरला. इतका वेळ धरला की बाजूला झालेल्या बायाही बघू लागल्या. डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी घोट तोंडातच. मग गिळला, आणि दर वर्षी टेबलाशी उभे राहून सांगत तसं मला म्हणाले,

"मचूळ हाये सर. ह्याच्यापक्षा आपले झरे बरे. सहल नाल्यानंच न्या."

मनकर्णा आधी हसली आणि मग बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मुली पाणी प्यायल्याच. तहान लागली होती. मी लोट्यासाठी हात पुढे केला. तो द्यायला डोमाजी जरा घुटमळले, कारण त्यांनी तोंड लावलं होतं. मी लोटा घेतला आणि प्यायलो.

मचूळच होतं.