दोन्ही चॅनेलांवर पळालेलं पांढरं कुत्रं

माझ्या भाचीचं ठरलेलं लग्न दोन न्यूज चॅनेलांनी मोडलं. एक मराठी, एक कन्नड. त्यांनी माझ्या भावाला फसवलं आणि भावाने एका सैनिकाच्या आईचा अपमान केला. भाऊ म्हणतो, नशिबात नव्हतं. नशीब स्टुडिओत बसून ओरडत नाही.

सीमाभागातल्या शहापुरात माझं साड्यांचं दुकान आहे. आधी खांद्यावर गाठोडं घेऊन दारोदार हिंडले, मग दुकान झालं. माल पारखणं आणि भाव करणं, या दोन गोष्टी मी कुणाच्या शिकवण्याशिवाय शिकले. भाचीचं स्थळही मीच आणलं. मुलगा खानापूर तालुक्यातला, फौजेत. बोलणी करायला मी पुढे बसले होते आणि मानपानावरून घासाघीस होणार म्हणून तयारीने गेले होते. मुलाच्या आईने काहीच मागितलं नाही. एकच अट घातली.

"माझा ल्योक कुठंबी असला, काईबी झालं, तरी पोरीनं घाबरून माघारी फिरायचं न्हाय."

भाऊ लगेच म्हणाला, "आमची पोरगी वाघीण हाय, आक्का. त्ये तुमी सोडा."

इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस मला बाजारात कधी आवडला नाही. तरी मी बोलणी पक्की केली.

भाऊ निपाणीकडे राहतो, राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका त्याच्या गावापासून जवळ. सीमाप्रश्न तापला की त्या नाक्यावर कॅमेरे येतात. एका हिवाळ्यात मी भावाकडे गेले होते आणि असंच तापलं. नाक्याजवळच्या टपरीत आम्ही दोघं मिरचीभजी खात उभे होतो. समोर अडवून ठेवलेल्या दोन बस, कंटाळलेले पोलीस आणि घोषणा देणारी थोडी पोरं. घोषणा संपल्या तेव्हा एक वार्ताहर त्या पोरांना म्हणाला, "पुन्हा एकदा द्या, माइक बंद होता." घरी येऊन टीव्ही लावला. मराठी चॅनेल म्हणत होतं सीमाभाग पेटला. कन्नड चॅनेल म्हणत होतं सगळं सुरळीत. आमच्या बोटांना अजून भज्यांचं तेल होतं.

तेव्हापासून भावाने एक नियम केला. नुसता त्याने नाही, आमच्या भागात बऱ्याच घरांत हाच चालतो. दोन्ही भाषा येतात, दोन्ही चॅनेलं लावायची. दोघांचं जुळत नाही ते सोडून द्यायचं, जुळतं तेवढं खरं मानायचं. बसवरच्या दगडफेकीपासून मंत्र्याच्या दौऱ्यापर्यंत हा नियम आम्हाला उपयोगी पडला. भावाला त्याचा अभिमान होता. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तो सांगायचा, "तुमाला एकच बाजू कळतीया. आमाला दोन्ही."

मग शेजारच्या देशाशी युद्ध पेटलं आणि ती संध्याकाळ आली. भावाचा फोन आला तेव्हा मागे फटाके वाजत होते.

"आक्का, टीव्ही लाव! आपली फौज आत घुसली! त्यांचं बंदर पेटलंय!"

"कोण म्हणतंय?"

"दोन्ही! मराठीवालेबी, कन्नडवालेबी. आता खोटं कसं असंल?"

दुकानात टीव्ही आहे. मी मराठी लावलं. सायरन, लाल अक्षरं, आणि आगीचा धूर. धुरासमोरून एक पांढरं कुत्रं डावीकडून उजवीकडे पळालं. खाली लिहिलं होतं, शत्रूचं बंदर उद्ध्वस्त. मी कन्नड लावलं. तोच धूर. तेच पांढरं कुत्रं, तसंच डावीकडून उजवीकडे. खाली लिहिलं होतं, शत्रूच्या राजधानीवर हल्ला. बंदर आणि राजधानी यांत किती अंतर असतं मला माहीत नाही, पण एक कुत्रं एकाच संध्याकाळी दोन्हीकडे पळत नाही.

एकाच यंत्रमागावरचं कापड दोन दुकानांत दोन छाप मारून विकलेलं मी पाहिलं आहे. एकमेकांचं तोंड न पाहणारे दुकानदार अचानक एकच गोष्ट सांगू लागले, की माल एकाच गोदामातून आला हे मी ओळखते. आमच्या सीमेवरच्या एका दगडावरून भांडणारी ही दोन चॅनेलं त्या संध्याकाळी फौज आत घुसली एवढं मात्र शब्दाला शब्द जुळवून सांगत होती. सीमाप्रश्नात त्यांची गिऱ्हाइकं वेगळी, म्हणून खोटंही वेगळं. युद्धात दोघांनाही एकच गिऱ्हाईक खूश करायचं होतं. आमचा नियम तिथे मेला.

हे मी भावाला फोनवर सांगितलं. कुत्र्याचंही सांगितलं.

"तू कुत्री मोजत बस," तो म्हणाला. "हितं सगळा गाव पेढं खायलाय."

त्याने चौकात स्वतःच्या हाताने पेढे वाटले. त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला.

आणि सकाळी उठून त्याच माणसाने मुलाच्या आईला फोन केला. फौज आत घुसली म्हणजे जावई होणारा पोरगाही आत गेला, एवढं रात्रीत त्याच्या डोक्यात शिरलं होतं. म्हणाला, आम्ही सध्या थांबतो, लढाईचं काय ते बघू. मला विचारलं नाही. पोरीलाही विचारलं नाही.

फौज कुठेच घुसली नव्हती. ते बंदर जागच्या जागी होतं, राजधानीही. थोड्याच दिवसांत शस्त्रसंधी झाली. मुलाची तुकडी जागेवरून हललीसुद्धा नव्हती. चॅनेलांनी सायरन बंद केला आणि क्रिकेट लावलं.

मी खानापूरकडच्या त्या गावात गेले. आयुष्यात कुणाला वळवता आलं नाही असं फार थोड्या वेळा झालं आहे, म्हणून वाटलं हेही सावरेन. त्या बाईने मला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग बोलली.

"तुमच्या भावानं पेढं वाटल्यालं मी बघितलं. वाटू द्या. पण सकाळी फोन आला तवा मला वाटलं, माझा ल्योक बरा हाय का म्हणून इचारतील. त्ये न्हाय इचारलं. लगीन थांबवा म्हणाले. लढाई झाली की पेढं, आन् लढणाऱ्याला पोरगी न्हाय. ह्यो कसला हिशोब, आक्का?"

भाव करायला गेले होते, कपातला चहा संपवून उठले.

मुलगा भाचीला म्हणाला, आईच्या पुढे मी जाणार नाही. भाची निपाणीच्या शाळेत शिकवते. ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "आत्या, मी कुठं म्हणाले होते मला भीती वाटते? त्याच्या आईची अट मी पाळणार होते."

भावाशी मी आता कामापुरतंच बोलते. तो म्हणतो, दोन्ही चॅनेलांनी सांगितलं तर माणसाने काय करावं? मी म्हणते, एक फोन करावा, आणि पहिल्यांदा पोरगं कसं आहे ते विचारावं.

मराठी चॅनेलच्या पडद्यावर नंबर येतो, त्यावर मी फोन लावला. एका मुलीने उचलला.

"मॅडम, ती माहिती सूत्रांकडून आली होती."

"मग सूत्रांना फोन दे."

"तसं नाही हो. सूत्रांचं नाव सांगता येत नाही."

माझ्या दुकानातल्या साडीचा रंग गेला तर गिऱ्हाईक ती माझ्या तोंडावर फेकतं. मी विणणाऱ्याकडे जाते, तो रंगवणाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि कुठेतरी एक माणूस सापडतो ज्याला मान खाली घालावी लागते. तुमच्याकडे तो माणूस कोण?

सायरन वाजवत ओरडणाऱ्या बाबा, मी तुझ्याशीच बोलते आहे. तुझ्या त्या कन्नड भावालाही सोबत घे. निपाणीच्या शाळेत या, मधल्या सुट्टीत या. माझी भाची व्हरांड्यात उभी असते. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, तो धूर कुठला होता, ते कुत्रं कुणाच्या गावात पळत होतं, आणि तुम्हाला हे कुणी दिलं. नाव घेऊन सांगा.