इतिवृत्त कायम होईपर्यंत

सोसायटीत त्यांना सगळे जावकसाहेब म्हणतात, अर्थात पाठीमागे. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं ते जावक विभागात होते. दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय पाकिटात घालायचे, क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा, पाठवायचे. एवढ्या काळात त्यांना कोणी कशाबद्दलही ‘तुमचं काय मत?’ असं विचारलं नाही आणि त्यामुळे कचेरीचं काही अडलंही नाही. निवृत्तीनंतर ते सोसायटीचे अध्यक्ष झाले, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. ही निवड त्यांनी फार मनावर घेतली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी आपल्या पदाचा शिक्का करून घेतला. दुसऱ्या आठवड्यात अधिकारांची वाटणी केली. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘निर्णय : समिती’, उजवीकडे ‘अंमल : व्यवस्थापक’. तो कागद लॅमिनेट करून मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर टांगला. जिन्यात दिवा बसवणं उजवीकडे होतं. कोणता दिवा, हे डावीकडे.

मॅनेजरबाईंनी इस्पितळाचा धुलाई विभाग अकरा वर्षं चालवला होता. त्यांनी कागद वाचला, “अक्षर छान आहे” म्हणाल्या आणि टाकीचा पंप बघायला गेल्या.

मग लिफ्ट बंद पडली. दाराची मोटर जळली होती, नवी बसवणं भाग होतं. पाचव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. सोमवारी दोन वॉचमननी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात सुटला. बाईंनी कठडा धरला म्हणून वाचल्या, मनगट सुजलं. घरी परतल्यावर त्यांनी सांगून टाकलं, “त्या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. बुधवारी मी घरीच.” घरी राहण्याचा अर्थ त्यांनाही ठाऊक होता आणि त्यांच्या मुलालाही.

मुलगा समितीचा चिटणीस. त्याच संध्याकाळी सभा झाली, मोटरचा ठराव एकमतानं मंजूर झाला. मंगळवारी सकाळी मॅनेजरबाईंनी मेकॅनिकला बोलावलं. तो पेटी उघडतो न उघडतो तोच जावकसाहेब पहिल्या मजल्यावरून उतरले. त्यांना लिफ्ट लागत नाही.

“थांबा. इतिवृत्त कायम व्हायचंय.”

“कसलं, साहेब?” मॅनेजरबाईंनी विचारलं.

“कालच्या सभेचं. ते पुढच्या सभेत वाचायचं, कायम करायचं, मग अंमल. पुढची सभा दुसऱ्या रविवारी.”

“साहेब, बाईंना उद्या जायचंय.”

“मला का कळत नाही? पण पद्धत म्हणून काही आहे की नाही?”

“मग उद्या त्यांना कोण उतरवणार? तुम्ही?”

“माझी कंबर धरलीय.”

“ती कुठल्या रकान्यात येते?”

मेकॅनिक खोकला. वरून साहेबांच्या बायकोनं हाक मारली, “अहो, चहा निवतोय! की त्यालाही सभा लावायचीय?”

साहेब वर गेले. मॅनेजरबाईंनी मेकॅनिकच्या कागदावर ‘माझ्या जबाबदारीवर’ लिहून सही केली. दुपारी चारला लिफ्ट चालू झाली. बुधवारी शिक्षिका बाई लिफ्टनं खाली गेल्या आणि लिफ्टनंच वर आल्या.

त्या संध्याकाळी जावकसाहेबांनी तातडीची सभा बोलावली. विषय एकच, व्यवस्थापकांनी केलेलं अधिकाराचं उल्लंघन. पाच सभासद होते. त्यातले तिघं लिफ्टनं खाली आले होते. साहेब चाळीस मिनिटं बोलले. इतकं सलग बोलायची संधी त्यांना आयुष्यात प्रथमच मिळाली असावी. मोटर बसवू नये असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. मॅनेजरबाईंना काढावं यावर मात्र पाच हात वर झाले. पाचवा हात शिक्षिका बाईंच्या मुलाचा.

“काम चांगलंच झालं,” तो म्हणाला, “पण पायंडा वाईट पडतो.”

हा ठराव त्याच रात्री टाइप झाला, त्यावर शिक्का बसला आणि सकाळी आठला तो मॅनेजरबाईंच्या हातात पडला. त्याचं इतिवृत्त कायम व्हायला हवं, असं कोणालाही वाटलं नाही.

नऊच्या सुमारास त्या ड्रॉवर रिकामा करत असताना चिटणीस दारात आला.

“बाई, मनावर घेऊ नका हं. समितीत एकटं पडून चालत नाही. फक्त त्या मेकॅनिकचा नंबर... म्हणजे पुन्हा काही झालं तर...”

“तुमच्या आईंना कालच दिलाय,” मॅनेजरबाई मान वर न करता म्हणाल्या. “त्यांनीच मागितला. म्हणाल्या, मुलाच्या भरवशावर राहायचं नाही.”