जेऊरला सोडलेली राणी

सोलापूरच्या पॅसेंजरमध्ये चढलो तेव्हा माझ्या प्रोफेसर मित्राच्या खिशात नखाएवढं लोहचुंबक होतं आणि माझ्याजवळ नुसतं तोंड. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, पण गाडी अजून नजरकैदेत असल्यासारखी सरकत होती. कुर्डुवाडीपर्यंत मला दाढी आली. उतरून ती केली आणि चालत जाऊन तीच गाडी गाठली.

सोलापुरात भवानी पेठेत मागावर काम करणाऱ्या नरसय्याच्या गच्चीवर ढाबळ (कबुतरांचं घर) होती. आधी कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली. माझ्या कानांतून निघालेल्या वाफेवर शेजारचे चार माग चालले असते.

मग त्यानं राणी दाखवली. करडी मादी, पोटाखाली पिसं न फुटलेली दोन पिल्लं. तिच्या नराला मांजरानं नेलेलं.

"हीच न्या. पिल्लं मागं असली की वाऱ्याला मागं टाकती. आमी समदे कबुतरवाले तसंच करतो."

"आभाळ आलंय," प्रोफेसर म्हणाले. "सूर्य नसताना पाखरू पृथ्वीच्या चुंबकावर दिशा धरतं म्हणतात. तेच बघायचंय."

"बघा की. तुमची गाडी यायच्या आधी ती हितं आसंल."

राणीला घेऊन आम्ही गाडीनं मागं जेऊरला गेलो. स्टेशनाबाहेर प्रोफेसरांनी राणीच्या डोक्यावर चुंबक चिकटवलं आणि तिला सोडलं. तिनं घिरट्या घातल्या. सोलापूर आग्नेयेला, ती उलट नगरच्या अंगाला गेली.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर पोचलो तेव्हा नरसय्या पिठाची पातळ पेज तोंडात धरून पिल्लांच्या चोचीत घालत होता. त्यांना कबुतराच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होतं ते आईचं दूध हवं होतं. पेज बाहेरच येत होती.

"मास्तर, त्या चुंबकानं काय हुतं तिला?"

प्रोफेसर हळू बोलले. "नवी कल्पना आहे, सिद्ध नाही. पाखराच्या डोळ्यात उजेड शिरला की अणूंमधले कण जोडीनं जागे होतात. पृथ्वीचं चुंबक त्या जोडीला जरासं वळवतं. त्यावरून पाखराला दिशा दिसत असावी."

"दिसती? डोळ्यानं?"

"बहुतेक."

"म्हंजे तुमी तिचे डोळे बांधून सोडलं की."

प्रोफेसरांनी पेजेची वाटी उचलून त्याच्यापुढं धरली. 

सकाळी पिल्लं गार पडली होती. नरसय्यानं ती रुमालात गुंडाळली, ढाबळीचं दार मात्र उघडंच ठेवलं.

परतताना जेऊर आलं तसे प्रोफेसर डब्याच्या दारात जाऊन आभाळ बघत राहिले.

घरी मित्रमंडळी जमली. माझ्या गोष्टींत आजवर वाघानं गिळलेली माणसंही सुखरूप परत आली आहेत. राणीला मी चुंबकासकट विलायत फिरवून ढाबळीत उतरवलं असतं, तरी कुणी अडवलं नसतं.

मी चटणीचं तेवढं सांगितलं.