दहा मीटरवरचं झाड

समजा, तुम्हाला गणिताचं एक उदाहरण सोडवायचं आहे. झाडापासून दहा मीटरवर उभं राहून शेंड्याकडे पाहिलं, तर साठ अंशांचा कोन होतो. झाडाची उंची काढा. आता हेही समजा, की तुमच्या हायस्कुलातले गणिताचे सर बदलून गेल्यावर दुसरे आलेच नाहीत. तो तास खेळाचे त्रिंबक सर घेतात, फळ्यावर उदाहरण उतरवतात आणि म्हणतात, "घरी सोडवा."

नांदूरघाटाकडच्या एका वस्तीवरची सत्यशीला ते शेळ्यांमागं सोडवायची. दुपारी शेळ्या कडुलिंबाखाली बसल्या की ती पावलं टाकत लांब जायची, वळून शेंड्याकडं बघायची आणि काडीनं मातीत त्रिकोण काढायची. पुस्तक वाचून वाचून तिला ते जमलं होतं. निदान तिला तसं वाटायचं. बरोबर की चूक, सांगणारं कोणी नव्हतं.

"दहावी निघाली तर अंबाजोगाईला कॉलेजात धाडतो," तिचा बाप बंकट म्हणाला होता. "न्हाई निघाली तर पप्पूसंगं कोयत्यावर जा."

पप्पू तिचा थोरला भाऊ. ऊसतोडीला मुकादम एकट्याला घेत नाही, दोघं मिळून एक कोयता धरतो. पप्पूचं लग्न जमत नव्हतं, त्यामुळं जोडीला कोणीतरी लागणारच होतं.

पेपरात झाडच आलं. सत्यशीलाला हसू आलं. तिनं आकृती काढली, उत्तर लिहिलं: दहा गुणिले वर्गमूळ तीन.

शेवटी शेवटी, दरवर्षीसारखीच खिडकीतून चिठ्ठी आली. खोलीवर त्रिंबक सरच होते. ते हळू आवाजात वाचू लागले, पोरं माना खाली घालून लिहू लागली. सत्यशीलाच्या बाकापाशी सर थांबले.

"अगं, गुणिले न्हाई, भागिले हाय. खोड ते."

"सर, मला गुणिलेच येतंय."

"सगळ्या खोलीचं एक अन् तुझं एक. उगं नजरेत येशील, बाई."

मागून शहादेव कुजबुजला, "लिही की शाने. तुझ्यापायी आमी बी लटकू."

सर मनानं वाईट नव्हते. तिच्या भल्याचंच सांगत होते. तिनं खोडलं. मग आपलं बाकीचंही चुकलंच असेल असं वाटून, चिठ्ठीशी न जुळणारं सगळंच खोडलं.

निकालात निम्मा वर्ग गणितात गेला, सत्यशीलाही त्यातच. शहादेवला काही वाटलं नाही, त्याला पुढं शिकायचंच नव्हतं.

"फेरपरीक्षा असती, आबा," सत्यशीला म्हणाली.

"एकदा बघितलं की," बंकट म्हणाला आणि शेळ्या सोडायला उठला. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी ती शाळेत गेली. त्रिंबक सर मैदानावर खो-खोच्या रेघा मारत होते.

"सर, त्या झाडाचं माझं बरोबर होतं का?"

सर चुन्याची फक्की ओढत राहिले. "मला काय कळतंय त्यातलं? चिठ्ठीत होतं ते वाचलं मी. अन् आता काय करतीस जाणून?"

आता ती परमुलखात उसाच्या फडात आहे. बांधाला एक उंच नारळ आहे. मोळी डोक्यावर घेताना तिची नजर तिकडं जाते.

"हात चालव की गं," पप्पू ओरडतो. "काय बघतीस वर?"

ती सांगत नाही. कॉलेजचा विषय तिनं सोडून दिलाय. पण एवढं तरी कोणी सांगेल का: गुणिले, का भागिले?